अंतरिम पोटगी

अंतरिम पोटगी : नवरा-बायको वेगळे राहत असताना, दावा निकाली निघेपर्यंत न्यायालयाने ठरवून दिलेला दरमहा खर्च. हिंदू विवाह कायदा, १९५५ च्या कलम २४ खाली तो पत्नीला किंवा पतीलाही मागता येतो आणि त्यासोबत दाव्याचा खर्चही मिळतो. मुलांची तरतूद कलम २६ मध्ये आहे. धर्म कोणताही असो, पत्नी व मुलांना फौजदारी प्रक्रिया संहितेच्या कलम १२५ चा आधार होता. १ जुलै २०२४ पासून त्याची जागा भारतीय नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम १४४ ने घेतली. मूळ कलमातली महिना ५०० रुपयांची मर्यादा २००१ च्या दुरुस्तीने गेली. अंतरिम अर्ज शक्यतो नोटीस बजावल्यापासून ६० दिवसांत निकाली काढावा, असेही तेव्हाच ठरले.

अडचण नोटिशीपासूनच सुरू होते. सांगली जिल्ह्यातल्या विटा, खानापूर, आटपाडीचे गलाई कारागीर सोने-चांदी गाळायला देशभर पांगलेले. बायको माहेरी परतली, तर तिला त्याच्यामागे परमुलखात जावे लागत नाही. ती राहते तिथल्या न्यायालयात अर्ज चालतो. मात्र त्याने दुकान हलवले की समन्स परत येते. त्या मानाने साताऱ्याजवळच्या अपशिंगे मिलिटरीसारख्या फौजींच्या गावात वाट सरळ : लष्करी कायदा, १९५० च्या कलम ९१ नुसार जवानाच्या पगारातून बायको-मुलांचा खर्च कापता येतो.

खरी झटापट उत्पन्नावरून होते. सातबारा वडिलांच्या नावावर, उसाचे बिल भावाच्या खात्यात, तासगावचा बेदाणा शीतगृहात. आणि नवरा कोर्टात सांगतो, ‘मी मजुरी करतो.’ नागपूरच्या कुटुंब न्यायालयातून वर गेलेल्या एका खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने ४ नोव्हेंबर २०२० रोजी यावर इलाज केला. दोन्ही बाजूंनी मालमत्ता व देण्यांचे प्रतिज्ञापत्र द्यायचे. शेतकऱ्यांसाठी त्याचा वेगळा नमुना, त्यात जमीन, पिके, वार्षिक उत्पन्न, गाई-म्हशी, शेळ्या, कोंबड्या यांचाही हिशेब. ऊसपट्ट्यात पगाराच्या स्लिपेपेक्षा हाच कागद मोलाचा. पोटगी अर्जाच्या तारखेपासून द्यावी, हेही याच निकालात स्पष्ट झाले. त्यामुळे तारखा लांबवून नवऱ्याचा फारसा फायदा होत नाही. थकबाकी तेवढी फुगते.

टाकलेल्या बायकांचा प्रश्न सांगली भागात कोर्टाबाहेरही लढला गेला. वाळवा तालुक्यातल्या कासेगावच्या इंदुमती पाटणकर यांच्या स्त्री मुक्ती संघर्ष चळवळीने परित्यक्तांना संघटित केले.

आदेश मोडल्यास कलम १४४ खाली वॉरंट निघते आणि थकलेल्या प्रत्येक महिन्यासाठी एक महिन्यापर्यंत कैद होऊ शकते. तुरुंगात जाऊन आल्याने देणे मात्र फिटत नाही. वॉरंटसाठीचा अर्ज रक्कम देय झाल्यापासून एक वर्षाच्या आत करावा लागतो.