रमफोर्डने अर्ध्यावर सोडलेले मांस

भट्टीची आच कमी केली, तर पदार्थ शिजायला किती जास्त वेळ द्यावा? या प्रश्नाचे एक उत्तर अठराव्या शतकाच्या अखेरीस म्युनिकमध्ये मिळाले; तेही, प्रयोग फसला असे समजून शास्त्रज्ञ घरी निघून गेल्यावर.

बेंजामिन थॉम्पसन ऊर्फ काउंट रमफोर्ड हा अमेरिकेत जन्मलेला आणि बव्हेरियात उच्चपदी पोहोचलेला गृहस्थ. तोफांच्या नळ्या कोरताना निर्माण होणाऱ्या उष्णतेवरचा त्याचा १७९८ चा निबंध विज्ञानाच्या इतिहासात प्रसिद्ध आहे. पण चुली, धुरांडी आणि सरपणाची नासाडी हेही त्याच्या आस्थेचे विषय होते. १ जानेवारी १७९० रोजी त्याने म्युनिकमधील भिकाऱ्यांची धरपकड करवून त्यांना उद्योगगृहात कामाला लावले. (या परोपकारातली सक्ती नजरेआड करू नये.) इतक्या माणसांचे अन्न रोज शिजवायचे, तर लाकडाचा हिशेब आलाच.

तिथल्या स्वयंपाकघरात त्याने बटाटे वाळवण्याचे एक यंत्र बसवले होते. त्यात मांस भाजता येईल का, हे पाहण्यासाठी मेंढीच्या खांद्याचा तुकडा आत ठेवला. तीन तास झाले, तरी शिजण्याचे चिन्ह दिसेना. उष्णता अपुरी आहे असा निष्कर्ष काढून, काहीसा वैतागूनच, तो घरी गेला. स्वयंपाकिणींनी मांस रात्रभर तिथेच राहू दिले. सकाळी शिजवण्यासाठी म्हणून त्या ते काढायला गेल्या, तर ते आधीच उत्तम शिजलेले आणि विलक्षण रुचकर! ही हकिकत रमफोर्डनेच लिहून ठेवली आहे. त्या स्त्रियांची नावे मात्र तीत नाहीत.

त्याचे चुकले कुठे? आच १८० अंशांवरून ९० वर आणली की वेळ दुप्पट, असा सरळ हिशेब इथे चालत नाही. उष्णता किती वेगाने आत शिरते, हे भट्टी आणि पदार्थ यांच्या तापमानातील फरकावर अवलंबून असते. मांसाचा गाभा ७५ अंशांवर न्यायचा आहे आणि भट्टी ८० ची आहे, तर शेवटी पाचच अंशांचा फरक उरतो, आणि त्या टप्प्यावर फार वेळ जातो. भट्टी ७० ची असेल, तर गाभा ७५ ला कधीच पोहोचणार नाही. चिवट मांसाला मात्र हाच विलंब मानवतो. त्यातील कोलॅजेनचे सावकाश जिलेटिन होते, आणि बाहेरचा भाग करपत नाही.

१९६९ मध्ये निकोलस कुर्टी या भौतिकशास्त्रज्ञाने लंडनच्या रॉयल इन्स्टिट्यूशनमध्ये, म्हणजे रमफोर्डच्याच पुढाकाराने १७९९ मध्ये स्थापन झालेल्या संस्थेत, मंद आचेचा हा प्रकार पुन्हा करून दाखवला. आच होती ८० अंशांची. साडेआठ तासांनी मांसाचे आतले आणि बाहेरचे तापमान जवळपास सारखेच, सुमारे ७५ अंश, भरले. रमफोर्ड तीन तासांतच उठला होता.