एडिसनची बॅटरी उशिरा आली

विजेवर चालणारी मोटार म्हटली की ती कालपरवा रस्त्यावर आली, असेच आपल्याला वाटते. प्रत्यक्षात १९०० साली अमेरिकेत ज्या सुमारे चार हजार मोटारी तयार झाल्या, त्यांत वाफेच्या आणि विजेच्या गाड्या जवळजवळ बरोबरीने होत्या. पेट्रोलच्या सर्वांत कमी, हजाराच्याही आत. त्याआधीच्याच वर्षी, एप्रिल १८९९ मध्ये, कामीय जेनात्झी या बेल्जियन गृहस्थाने पॅरिसजवळ ताशी १०५ किलोमीटरचा वेग गाठला. रस्त्यावरच्या वाहनाने ताशी शंभरचा वेग ओलांडण्याची ती पहिलीच वेळ, आणि गाडी होती विजेची! मग ही गाडी पुढे जवळजवळ शतकभर गेली कुठे? मला विचाराल, तर याचे उत्तर तिच्या बॅटरीत आहे.

पुन्हा पुन्हा भरता येणारी पहिली बॅटरी केली फ्रान्सच्या गास्ताँ प्लाँते याने, १८५९ साली. शिशाचे दोन पत्रे एकमेकांना टेकणार नाहीत अशा बेताने गुंडाळायचे आणि पातळ गंधकाम्लात बुडवायचे, एवढीच कृती. आपल्या घरातल्या इन्व्हर्टरची बॅटरी बहुधा याच घराण्यातली असते. स्वस्त, भरवशाची, पण वजनाला भारी. आजच्या सुधारलेल्या रूपातही शंभर किलोच्या शिशाच्या बॅटरीत तीन-चार युनिट वीज मावते. उलट एक लिटर पेट्रोलमध्ये सुमारे नऊ युनिट ऊर्जा असते. त्यातली बरीचशी इंजिन उष्णतेत घालवते हे खरे, पण उरते तीही काही थोडी नव्हे.

हे ओझे कमी करण्याचा विडा उचलला थॉमस एडिसनने. शिसे नको, आम्ल नको, असे ठरवून त्याने लोखंड आणि निकेल घेतले आणि त्यांना पोटॅशच्या द्रावणात बसवले. स्वीडनमध्ये वाल्डेमार युंगनेर त्याच वाटेने चालला होता, आणि पेटंटवरून दोघांत वादही झाले. एडिसनची बॅटरी बाजारात आली, गाजावाजाही झाला. पण डबे गळू लागले, साठवणीची ताकद उतरू लागली. एडिसनने कारखाना थांबवला आणि पुन्हा प्रयोगशाळेत शिरला. सुधारलेली बॅटरी हाती यायला १९०९ उजाडले. ती मात्र खरोखर दणकट निघाली. वर्षानुवर्षे चालायची, हयगय केली तरी सहज मरायची नाही. किंमत जास्त आणि थंडीत मलूल, ही तिची दोन दुखणी.

पण तोवर १९०८ मध्ये हेन्री फोर्डची ‘मॉडेल टी’ आली होती. (गंमत अशी, की खुद्द फोर्डची पत्नी क्लारा विजेचीच ‘डेट्रॉइट इलेक्ट्रिक’ चालवत असे.) तरीही पेट्रोलच्या गाडीत एक मोठी अडचण होती. ती सुरू करायला पुढे उभे राहून हँडल मारावे लागे. हँडलने उलटा फटका दिला, तर मनगट मोडे. विजेच्या गाडीत असले काही नव्हते. हा तिचा हुकमाचा पत्ताही १९१२ साली गेला. चार्ल्स केटरिंगने केलेला विजेचा स्टार्टर कॅडिलॅक गाडीत बसला. आणि या स्टार्टरला वीज पुरवली कोणी? शिशाच्या बॅटरीने! घरभेदीपणाचा याहून चांगला नमुना मला तरी यंत्रांच्या इतिहासात आढळलेला नाही. एडिसनची बॅटरी पुढे रेल्वेच्या डब्यांतल्या आणि खाणकामगारांच्या दिव्यांसाठी वापरली गेली.

यानंतरची कित्येक दशके थोडक्यात सांगता येतील, कारण मोटारीच्या दृष्टीने फारसे काही घडलेच नाही. १९९६ मध्ये जनरल मोटर्सने ‘ईव्ही-१’ आणली, तीही शिशावरच. बॅटरीचेच वजन पाचशे किलोंच्या वर. १९९९ मध्ये तिला निकेल-मेटल हायड्राइडची बॅटरी मिळाली, पल्ला बराच वाढला. पण कंपनीने भाड्याने दिलेल्या गाड्या परत घेतल्या आणि बहुतेक मोडीत काढल्या. आपल्याकडे बेंगळुरूची ‘रेवा’ २००१ साली आली, तीसुद्धा शिशाच्या बॅटऱ्या घेऊनच.

खरा बदल घडवला लिथियमने, आणि तोही मोटारीसाठी म्हणून नव्हे. स्टॅन्ली व्हिटिंगहॅम, जॉन गुडइनफ आणि अकिरा योशिनो यांच्या कामातून ही बॅटरी उभी राहिली. १९९१ मध्ये सोनीने ती बाजारात आणली, ती हातात धरायच्या कॅमेऱ्यांसारख्या वस्तूंसाठी. २००८ च्या ‘टेस्ला रोडस्टर’मध्ये चक्क लॅपटॉपमध्ये वापरतात तसले ६,८३१ छोटे सेल एकत्र बांधले होते! २०१९ मध्ये या तिघांना नोबेल मिळाले, तेव्हा गुडइनफ ९७ वर्षांचे होते.

त्यांच्या पहिल्या बॅटरीत कोबाल्ट लागे. ते महाग आणि जगात बहुतांशी काँगोच्या खाणींतून येणारे. तिथे लहान मुलेही राबताना आढळली आहेत. म्हणूनच गुडइनफ यांच्या टेक्सासमधल्या चमूने १९९७ मध्ये पुढे आणलेली दुसरी जात मला जास्त मोलाची वाटते. या कामाचा शोधनिबंध लिहिणाऱ्यांत पहिले नाव अक्षय पाढी या भारतीयाचे आहे. ही बॅटरी लिथियम, लोखंड आणि फॉस्फेटची. कोबाल्ट नाही, निकेलही नाही. तेवढ्याच वजनात ती वीज थोडी कमी साठवते, पण पेट घेण्याचा धोका कमी आणि आयुष्य मोठे. एडिसनने जवळ केलेले लोखंड असे पुन्हा मोटारीत आले. पुण्याजवळ रांजणगावला तयार होणारी टाटांची ‘नेक्सॉन ईव्ही’ २०२० मध्ये बाजारात आली, ती याच जातीच्या बॅटरीवर.

आणि त्या नेक्सॉनचे बॉनेट उघडलेत, तर तिथे आणखी एक छोटी, बारा व्होल्टची बॅटरी दिसेल. हॉर्न, वायपर, दारांची कुलुपे यांना तीच वीज पुरवते. ती मात्र अजूनही शिशाचीच.