फळीखालचं पातं

मुळशीच्या धरणाकाठी बसून लाटांवर बोलायचं, म्हणजे गंमतच. पण मागच्या व्याख्यानानंतर एका आजोबांनी विचारलं होतं: नातू गोव्यात सर्फिंग शिकतो आहे, त्याला सगळीकडे चालेल असा लाँगबोर्ड कोणता घ्यावा? उत्तरासाठी आधी हवाई बेटांवर जाऊ.

तिथल्या सरदारांच्या ‘ओलो’ नावाच्या फळ्या 15 फुटांच्या आसपास, काही त्याहूनही लांब असत. बूड गुळगुळीत. त्या सरळ धावत. वळायचं तर पाय पाण्यात ओढावा लागे, आणि लाट उभी झाली की मागचं टोक घसरे. 1935 साली टॉम ब्लेक या अमेरिकन माणसाने मोटारबोटीच्या बुडाखालची पट्टी काढून आपल्या फळीला बसवली. घसरणं थांबलं! मला विचाराल तर फोम आणि फायबरग्लासपेक्षा हा शोध मोठा. त्याला सुकाणू मात्र म्हणू नका. ते हलत नाही. वळवतो तो माणूस, पातं फक्त पाणी धरून ठेवतं.

तेव्हा आजोबा, फळी 9 ते साडेनऊ फुटांची, रुंद नाकाची घ्या. हिवाळ्यात गोव्याच्या लाटा लहान, त्यांवरही ती धावते. मुलगा वजनदार असेल तर थोडी जाड. मधलं मोठं पातं खाचेत मध्यावर बसवा. मागे सरकवलं की फळी स्थिर, पुढे घेतलं की चटकन वळते. एका वेळी अर्धा इंचच. पायाची दोरी फळीइतकी लांब हवी, नाहीतर सुटलेली फळी दुसऱ्याच्या डोक्यात बसायची. आणि पावसाळ्यात त्याला पाठवू नका हं.