पांडवलेण्यातले ‘अनात्मवादी’ आणि त्यांचा पुद्गल : एक जुना वाद (धागा)

नाशिकहून मुंबईकडे निघाले की आठेक किलोमीटरवर डाव्या हाताला त्रिरश्मी डोंगर लागतो. तिथल्या चोवीस लेण्यांना लोक पांडवलेणी म्हणतात. पांडवांचा या लेण्यांशी काही संबंध नाही, हे आता बहुतेकांना ठाऊक असते. मात्र तिथल्या सर्वांत देखण्या विहारात राहणारे भिक्षू बौद्धांमधल्याच एका अत्यंत वादग्रस्त परंपरेचे होते, हे फारसे कोणी सांगत नाही. ‘माणूस’ म्हणून काही खरोखर असते की नसते, या प्रश्नावर इतर बौद्धांनी या परंपरेशी काही शतके वाद घातला.

क्रमांक तीनचे हे लेणे सातवाहन राजा गौतमीपुत्र सातकर्णीची आई गौतमी बलश्री हिने दिले. ओसरीतला तिचा दीर्घ प्राकृत लेख वासिष्ठीपुत्र पुळुमावीच्या 19व्या राज्यवर्षातला आहे. बहुतेक अभ्यासक हा काळ इसवी सनाच्या दुसऱ्या शतकात धरतात. भगवानलाल इंद्रजींनी 1883 च्या नाशिक गॅझेटियरसाठी आणि नंतर एमिल सेनार यांनी ‘एपिग्राफिया इंडिका’साठी इथल्या लेखांचे वाचन केले. तेव्हापासून सातवाहनांचा इतिहास लिहिणाऱ्या प्रत्येकाला या भिंतीपाशी यावेच लागते.

लेखाचा मोठा भाग मुलाच्या गौरवाला वाहिलेला आहे. क्षहरात वंशाचा निःपात करणारा, क्षत्रियांचा दर्प उतरवणारा, चातुर्वर्ण्याचा संकर थांबवणारा, ‘एकबम्हण’, राम-केशव-अर्जुन-भीमसेन यांच्या तोडीचा, अशी विशेषणे एकामागून एक येतात. ही वर्णाश्रमाची प्रशस्ती बौद्ध विहाराच्या भिंतीवर कोरलेली आहे. आजच्या वाचकाला यात विसंगती दिसते, त्या काळच्या दात्याला बहुधा दिसली नसावी. नहपानाचा जावई उषवदात हाही याच डोंगरावर लेणे खोदवतो, भिक्षूंच्या चीवरांसाठी विणकरांच्या श्रेणीकडे दरमहा शेकडा एक व्याजाने दोन हजार कार्षापण ठेवतो आणि त्याच भिंतीवर ब्राह्मणांना दिलेल्या गाईंचा व गावांचा हिशोबही अभिमानाने लिहून ठेवतो.

बलश्रीच्या लेखात शेवटाकडे एक शब्द येतो : भदावनीय. हे लेणे भद्रायणीय निकायाच्या भिक्षुसंघाला दिले आहे. लेण्याच्या खर्चासाठी पिसाजिपदक हे गावही मिळाले. पुढे 22व्या वर्षीच्या लेखात सुदिसण गावाच्या बदली सामलिपद गाव याच भद्रायणीयांना दिल्याची नोंद आहे. उषवदाताने आपले लेणे चारी दिशांच्या संघाला, म्हणजे कोणत्याही निकायाच्या भिक्षूला खुले ठेवले होते. राजमातेने मात्र निकाय निवडला.

हे भद्रायणीय कोण? वसुमित्राच्या नावावर असलेल्या निकायभेदाच्या ग्रंथात सांगितले आहे की वात्सीपुत्रीय निकायातून चार शाखा फुटल्या : धर्मोत्तरीय, भद्रायणीय, सम्मितीय आणि षण्णगरिक. फूट एका गाथेच्या अर्थावरून पडली. यांपैकी दोन शाखा महाराष्ट्राच्या लेण्यांत प्रत्यक्ष भेटतात. भद्रायणीय नाशिकला आणि कान्हेरीला आहेत, तर धर्मोत्तरीय जुन्नरच्या लेखात आणि कार्ल्याच्या चैत्यगृहात सोपाऱ्याच्या भिक्षूने दिलेल्या खांबावर आहेत. सह्याद्रीच्या घाटवाटांवर या परंपरेचे चांगलेच बस्तान होते. आणि वात्सीपुत्रीय म्हटले की बौद्ध तत्त्वज्ञानाच्या इतिहासात एकच गोष्ट आठवते, ती म्हणजे पुद्गलवाद.

मूळ अडचण अशी. माणूस म्हणजे रूप, वेदना, संज्ञा, संस्कार आणि विज्ञान या पाच स्कंधांचा समूह, आणि या पाचांपलीकडे कायम टिकणारा आत्मा नाही, ही बुद्धाची शिकवण सर्व निकायांना मान्य होती. पाचही स्कंध क्षणोक्षणी बदलतात. शिवाय कर्माचे फळ कर्त्याला मिळते आणि ते पुढच्या जन्मीही भोगावे लागते, हेही सर्वांना मान्य होते. जगाचा न्यायनिवाडा करणारा ईश्वर बौद्धांना नको होता, त्यामुळे हिशोब ठेवायला वरून कोणी येणार नव्हते. मग ज्याने चोरी केली तो तर क्षणात संपला, शिक्षा भोगतो तो कोण? दान एकाने द्यावे आणि पुण्य दुसऱ्याच कुणाला मिळावे, असे होत असेल तर नीती कशाच्या आधारावर उभी राहते?

वात्सीपुत्रीयांचे उत्तर असे की स्कंधांच्या आधाराने ओळखला जाणारा पुद्गल, म्हणजे व्यक्ती, आहे. तो स्कंधांहून वेगळा नाही. वेगळा मानला तर तो उपनिषदांचा नित्य आत्माच ठरेल. तो स्कंधच आहे असेही नाही, कारण मग स्कंधांबरोबर तो क्षणोक्षणी नष्ट होईल आणि कर्माचा धनी उरणार नाही. म्हणून तो ‘अवक्तव्य’ आहे, दोन्ही बाजूंनी सांगता न येणारा. यासाठी ते अग्नी आणि सरपण यांचा दाखला देत. अग्नी सरपणावाचून सापडत नाही, पण म्हणून सरपण म्हणजे अग्नी नव्हे.

त्यांच्याकडे बुद्धवचनाचा आधारही होता. भारहार-सूत्रात बुद्ध पाच स्कंधांना ओझे म्हणतो, आणि ते वाहणारा कोण या प्रश्नाला ‘पुद्गल’ असे उत्तर देतो, अमुक नावाचा, अमुक गोत्राचा माणूस. ओझे आणि ओझे वाहणारा असे दोन शब्द बुद्धाने वापरले असतील तर त्यांत काही फरक असलाच पाहिजे, असा वात्सीपुत्रीयांचा आग्रह. योगायोग पाहा : बलश्रीच्या लेण्याच्या दर्शनी भागात जमिनीतून अर्धे वर आलेले सहा धिप्पाड यक्ष अख्ख्या विहाराच्या तुळया खांद्यावर पेलताना दाखवले आहेत. शिल्पकाराने हे सूत्र मनात धरले होते असे म्हणायला कसलाही पुरावा नाही. अशी भारवाहक शिल्पे इतरत्रही आढळतात. तरी पुद्गलवादी भिक्षू रोज त्यांच्या मधूनच आत-बाहेर करत होते, ही गोष्ट मनातून जात नाही.

विरोधकांनी हे उत्तर स्वीकारले नाही. पाली परंपरेतल्या ‘कथावत्थु’ या ग्रंथात शेकडो मतांचे खंडन आहे आणि त्यातला पहिलाच, सर्वांत लांबलेला वाद पुद्गलाचा आहे. सर्वास्तिवाद्यांच्या ‘विज्ञानकाय’ ग्रंथातही हाच वाद येतो. सर्वांत धारदार हल्ला मात्र वसुबंधूचा. त्याच्या ‘अभिधर्मकोश’ भाष्याचे शेवटचे, नववे प्रकरण जवळजवळ संपूर्णपणे पुद्गलाच्या खंडनाला दिलेले आहे.

वसुबंधूचा युक्तिवाद थोडक्यात असा. जे खरोखर आहे त्याचे कार्य वेगळे दाखवता आले पाहिजे. पुद्गल कोणत्या इंद्रियाने कळतो? रूप पाहताना, शब्द ऐकताना तोही कळतो असे म्हणाल, तर दुधाचे काय होते ते पाहा. पांढरा रंग, गोडी, स्पर्श यांच्या समूहाला आपण दूध म्हणतो. त्यांहून निराळे ‘दूध’ नसते. पुद्गलही तसाच, निव्वळ नाव. मग स्मरण कोणाला होते? मागच्या क्षणाच्या चित्तातून पुढचे चित्त उपजते आणि त्या संतानातच स्मरण उद्भवते. त्यासाठी मालक लागत नाही. कर्मफळासाठी त्याने दिलेला दाखला तर फार सुरेख आहे. महाळुंगाचे फूल लाखेच्या रसाने रंगवले तर फळाचा गाभा तांबडा निघतो. फूल गेले, रंग चोपडणारा हातही गेला, तरी परिणाम एका प्रवाहातून पुढे पोचला.

दाखला सुरेख असला तरी त्याने प्रश्न पुरता मिटतो का? पुद्गलवाद्यांची शंका महाळुंगाने सुटत नाही. तांबड्या गाभ्याला दुखत नाही. दुःख भोगणाऱ्याला मात्र ‘हे माझ्याच वाट्याला का?’ असे विचारावेसे वाटते. करुणा करायची ती कोणावर, स्कंधांच्या ढिगावर? हिंसेचे पाप लागते ते कोणाला मारल्याबद्दल? व्यक्ती हा केवळ बोलण्याच्या सोयीचा शब्द असेल तर विनयाचे सगळे नियमही बोलण्याच्या सोयीचेच ठरतात, ही त्यांची खरी भीती होती. तर्काच्या कसोटीवर ‘अवक्तव्य’ हे लंगडे उत्तर आहे, हे मान्य करावे लागते. पण त्यांनी धरून ठेवलेला प्रश्न लंगडा नव्हता.

बाहेरच्यांना या घरच्या भांडणात अर्थातच रस होता. न्यायदर्शनाचा उद्योतकर आत्म्याच्या बाजूने बोलताना हेच भारहार-सूत्र बौद्धांच्या तोंडावर फेकतो : तुमच्याच शास्त्रात ओझे वाहणारा सांगितला आहे, आणि तुम्ही तो नाकारता! सनातनी बौद्धांचा पुद्गलवाद्यांवर राग का होता, याचे एक कारण इथे सापडते. त्यांच्या दृष्टीने हे लोक किल्ल्याचा मागचा दरवाजा उघडा ठेवत होते.

असे असूनही पुद्गलवाद एखाद्या कोपऱ्यातला पाखंड नव्हता. सातव्या शतकात युआन च्वांग भारतात आला तेव्हा या घराण्याची सम्मितीय शाखा पश्चिम भारतात प्रबळ होती. त्याने एकट्या वलभीत सहा हजार आणि माळव्यात वीस हजार भिक्षू मोजले. त्याच्या चरित्रात हर्षाची बहीण राज्यश्री हीही सम्मितीय मताची जाणकार म्हटली आहे. पराभव झाला तो ग्रंथांचा. या परंपरेचे मूळ ग्रंथ बहुतांशी लुप्त झाले, थोडे चिनी भाषांतरांत उरले. आज पुद्गलवाद आपल्याला कळतो तो मुख्यतः त्याला खोडून काढणाऱ्यांच्या लेखणीतून. ग्रंथ हरवले तरी त्यांना मिळालेल्या दानाचे दगडी कागदपत्र मात्र नाशिकला शाबूत राहिले.

या कागदपत्रात ‘पुद्गल’ हा शब्द नाही, हे लक्षात ठेवायला हवे. दानलेखाला गाव, हद्द, करमाफी यांच्याशी काम असते. दाता निकायाचे तत्त्वज्ञान तपासून दान देतो असेही समजू नये. तरीही बलश्रीच्या लेखाची रचना पाहावी. लेख नातवाच्या राज्यवर्षाचा आहे, बहुतेक सारी स्तुती मुलाची आहे आणि गावाचे दान नातू आपल्या पित्याच्या नावे करतो आहे. गौतमीपुत्र तेव्हा हयात नव्हता, असे बहुतेक इतिहासकार मानतात. मेलेल्या मुलाच्या स्मृतीने पुण्य जोडणाऱ्या घराण्याला, त्या मुलातले काहीतरी अजून ‘तोच’ आहे असे मानणारे भिक्षू जवळचे वाटले असतील का? हा तर्क आहे, पुरावा नव्हे.

प्रश्न मात्र नाशिक सोडून गेला नाही. 2 मार्च 1930 रोजी काळाराम मंदिराचा सत्याग्रह सुरू झाला. देव सर्वांचा असेल तर दार काहींनाच बंद का, हा त्याचा रोख होता. 13 ऑक्टोबर 1935 रोजी याच जिल्ह्यात येवल्याला डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी हिंदू म्हणून मरणार नाही अशी घोषणा केली. पुढे बौद्ध धम्माकडे वळल्यावर त्यांनी ‘बुद्ध आणि त्यांचा धम्म’ लिहिला. 1957 मध्ये, त्यांच्या निधनानंतर, तो प्रसिद्ध झाला. त्याच्या प्रास्ताविकात ते बौद्ध परंपरेपुढच्या चार अडचणी मांडतात. तिसरी अडचण अशी की आत्मा नसेल तर कर्म आणि पुनर्जन्म कसे शक्य आहेत? वात्सीपुत्रीयांचा प्रश्न, जवळजवळ त्याच रूपात.

बाबासाहेबांचे उत्तर पुद्गलवाद्यांचे नाही आणि वसुबंधूचेही नाही. मृत्यूनंतर शरीरातली महाभूते विश्वातल्या महाभूतांत मिसळतात आणि पुन्हा जन्म होतो तो त्यांचाच, तोच माणूस परत येत नाही. कर्माचा नियम आहे तो याच आयुष्याचा आणि समाजाच्या नैतिक व्यवस्थेचा. मागच्या जन्माचे कर्म या जन्मीच्या दारिद्र्याचे किंवा जातीचे कारण म्हणून पुढे करणे त्यांनी ठामपणे नाकारले. ज्यांना पिढ्यान्‌पिढ्या ‘तुमच्याच पूर्वकर्माचे फळ’ असे सांगून देवळाबाहेर उभे केले होते, त्यांच्यासाठी ‘फळ भोगणारा तो कोण?’ हा प्रश्न विहारातल्या पंडितांच्या चर्चेपुरता नव्हता.