पंप काढून टाकलेली गाडी

आज गोष्ट फोर्डच्या मॉडेल टीची. 1908 साली ही गाडी आली, आणि तिच्या पहिल्या साधारण 2,500 गाड्यांमध्ये पाण्याचा पंप होता. 1909 मध्ये फोर्डने तो चक्क काढून टाकला!

मग पाणी फिरायचं कसं? इंजिनात तापलेलं पाणी हलकं होऊन वर चढतं, रेडिएटरमध्ये थंड होऊन खाली उतरतं. याला थर्मोसायफन म्हणतात. मी दिवसभर कोड लिहितो, म्हणून मला हे भारी वाटतं: जो पार्टच नाही, तो बिघडणार कसा?

पण एक अट होती. पाणी रेडिएटरच्या वरच्या नळीखाली गेलं की प्रवाह थांबायचा आणि गाडी उकळायची. मग बाजारात वेगळे पंप विकायला आले. आजही जुनी टी तापली की अनेकांना आधी पंपच आठवतो. माझं मत विचाराल, तर आधी रेडिएटर बघा. नळ्या गाळाने तुंबल्या असतील तर पंप काय करणार? शिवाय या गाडीत ठिणगीची वेळ ड्रायव्हर स्टिअरिंगजवळच्या दांडीने ठरवतो. ठिणगी उशिरा पडत राहिली, तरी इंजिन तापतंच.

1927 पर्यंत साधारण दीड कोटी टी बनल्या, त्यातल्या बहुतेक पंपाशिवायच. तुमच्या घरच्या जुन्या गाडीचा किस्सा असेल, तर नक्की कळवा!