मुक्कामाची गाडी

आमच्या घरात एसटीचा विषय निघाला, की आप्पांचं नाव येणारच. आप्पा म्हणजे वडिलांचे चुलते, कंडक्टर. कळंबकडच्या खेड्यांत मुक्कामाच्या गाड्या त्यांनी वर्षानुवर्षं केल्या. संध्याकाळी गाडी पारापुढं लागली, की कुणाच्या तरी घरून भाकरी, पिठलं अन् शेंगाची चटणी यायची. कुणाची पाळी, हे ठरलेलं नसायचं, पण आप्पा उपाशी निजले असं कधी झालं नाही. हुरड्याच्या दिवसांत डबा भरलेलाच परत येतो, ही काकूची कायमची तक्रार. सासरी निघालेली लेक आप्पांच्या हवाली करून माणसं निर्धास्त रानात जायची.

तेव्हा उस्मानाबाद शहरात रेल्वे नव्हती. बार्शी लाइटची छोटी गाडी येडशी-ढोकीवरून जायची, तेवढीच. तुळजापूरची यात्रा असो की कोर्टाची तारीख, भिस्त सगळी एसटीवर.

आप्पा आधी क्लीनर म्हणून लागले. ते म्हणायचे, पोलीस ॲक्शननंतर, म्हणजे निजामाचं राज्य गेल्यावर. काकू म्हणायची, आधीच. तो वाद काही मिटला नाही. एका गोष्टीचा मात्र आप्पांना भारी अभिमान होता. पुणे-नगर मार्गावर पहिली एसटी धावली १ जून १९४८ ला. पण आमच्याकडं, निजामाच्या राज्यात, सरकारी रेल्वेनं आपल्या बस १९३२ मध्येच सुरू केल्या होत्या. पुढं १९५१ मध्ये ही बससेवा हैदराबाद सरकारचं स्वतंत्र खातं झाली. राज्यांची फेररचना झाली, मराठवाडा इकडं आला अन् १९६१ मध्ये आमच्या गाड्या महाराष्ट्राच्या महामंडळात सामील झाल्या.

कोरोनात गाड्या थांबल्या, राज्यभर एसटीवाल्यांचे पगार लांबले. काही जणांनी जीवही दिला. ऑक्टोबर २०२१ च्या अखेरीस संप पेटला. मागणी एकच, महामंडळाचं सरकारात विलीनीकरण करा. नव्वदीला टेकलेले आप्पा बाजेवर बसून बातम्या ऐकायचे. एकदा म्हणाले, "पोरं नवं काय मागतेत रं? आम्ही सरकारचीच माणसं होतो की."

मूळ पगारात वाढ मिळाली, विलीनीकरण मात्र त्यासाठी नेमलेल्या समितीनं नाकारलं. २२ एप्रिल २०२२ पर्यंत कामावर हजर व्हा, असं हायकोर्टानं सांगितलं आणि माणसं परतली. त्याच वर्षी पंचाहत्तरीपुढच्यांचा प्रवास फुकट झाला, २०२३ मध्ये बायकांना अर्धं तिकीट. फार चांगलं झालं. म्हाताऱ्या आत्या आता लेकीकडं मनात येईल तेव्हा जातात. पण त्या भरल्या गाडीत वाट काढत तिकीट फाडणाऱ्याचा पगार वेळेवर व्हावा, मुक्कामाला त्याला धड निजायला जागा मिळावी, हेही त्याच सरकारचं देणं आहे. आप्पांच्या पोटाची काळजी गावानं घेतली, कारण गाव त्यांना आपलं समजत होतं. ज्यांच्या जिवावर एसटी चालते, त्यांना सरकारनंही तसंच आपलं म्हणावं.