गुलाल, काळा दगड आणि कॅमेऱ्याचा निर्णय

चैत्र पौर्णिमेची दुपार, जोतिबाचा डोंगर. ऊन डोक्यावर. मागे राणोजी शिंद्यांनी १७३० मध्ये बांधलेलं काळ्या दगडाचं देऊळ, समोर नाचणाऱ्या सासनकाठ्या, हवेत गुलालाचा ढग. "चांगभलं"च्या गजरात आपले डोळे हे सगळं एकदम बघतात. कॅमेऱ्याला ते जमत नाही. तो उजेड तरी वाचवतो नाहीतर सावली तरी. आजचा विषय हाच: ही निवड आजवर कोणी केली?

गंमत म्हणजे ही डोकेदुखी डिजिटलची नाही. १८५० च्या दशकात फ्रान्समध्ये गुस्ताव ल ग्रे समुद्राची एक आणि आकाशाची एक अशा दोन निगेटिव्ह जोडून एक चित्र छापायचा. म्हणजे एचडीआरची आयडिया आपल्या पणजोबांच्याही आधीची!

आणि कोल्हापूर यात मागे नव्हतं. बाबूराव पेंटरांनी कॅमेरा इथेच स्वतः तयार केला, १९२० मध्ये 'सैरंध्री' पडद्यावर आणला आणि १९२३ च्या 'सिंहगड'मध्ये कृत्रिम दिव्यांचा उजेड वापरला. चित्रकारच तो. सावली कुठे ठेवायची आणि कुठे उजळायची हे तो मशीनवर कसं सोडेल? त्या काळात प्रचलित असलेल्या ऑर्थोक्रोमॅटिक फिल्मला लाल रंग जवळजवळ दिसतच नसे, तो काळपट उमटे. म्हणजे गुलालातली लाली त्या फिल्मवर हरवूनच गेली असती.

पुढे १९४० च्या सुमारास अमेरिकेत ॲन्सेल ॲडम्स आणि फ्रेड आर्चर यांनी झोन सिस्टिम मांडली. आधी उजेड मोजा, मग कुठला भाग किती गडद हवा ते ठरवा. ठरवणारा अजून माणूसच.

डिजिटलमध्ये हा निर्णय हळूहळू कॅमेऱ्याच्या आत गेला. २००३ मध्ये फुजीने एकाच पिक्सेलच्या जागी दोन सेन्सर बसवले, एक जास्त संवेदनशील, एक कमी. २००६ मध्ये सोनीच्या अल्फा १०० मध्ये डायनॅमिक रेंज ऑप्टिमायझर आला. २००७ मध्ये कॅननने हायलाइट टोन प्रायॉरिटी आणली आणि निकॉनने ॲक्टिव्ह डी-लायटिंग. नावं भारदस्त, पण या शेवटच्या दोघांचं लॉजिक साधं आहे: सुरुवातीला फोटो थोडा अंधारा ठेवायचा म्हणजे उजळ भाग जळत नाही, मग सॉफ्टवेअरने सावल्या वर उचलायच्या. फुकट मात्र काही नाही. सावली उचलली की तिच्यातला नॉइजही वर येतो.

२००९ मध्ये पेंटॅक्स के-७ ने कॅमेऱ्यातच तीन एक्स्पोजर एकत्र करून दाखवले. देवळाच्या शिखरासाठी झकास. पण सासनकाठी काय थांबून राहणार? तीन फ्रेममध्ये ती तीन जागी, म्हणजे फोटोत भुतं. गुगलने २०१३ मध्ये एचडीआर प्लसमध्ये वेगळी वाट धरली: सारख्याच कमी एक्स्पोजरचे बरेच फोटो पटापट काढायचे, जुळवायचे आणि सरासरीने नॉइज कमी करायचा. आज खिशातला फोन साधारण हेच करतो, तेही न विचारता.

आता गुलालाकडे या. उन्हात त्याचा लाल चॅनेल बाकीच्या दोन्हींच्या आधी भरतो. साधा हिस्टोग्राम "सब ठीक" म्हणत असतो आणि गुलालाचा मात्र पोत नसलेला सपाट गुलाबी डाग झालेला असतो. म्हणून तिन्ही रंगांचा वेगळा हिस्टोग्राम बघा आणि एक्स्पोजर थोडं खाली आणा. शंभर वर्षांपूर्वी फिल्मला लाल दिसत नव्हता, आज सेन्सरला तो जास्तच दिसतो.

हे नुसतं टेक्निकल नाही. गुलाल वाचवला की काठी पेलणाऱ्या गड्याचा उन्हाने रापलेला चेहरा सावलीत बुडतो. सावल्या सरसकट उचलल्या की चेहरा दिसतो, पण दगडाचा काळेपणा जातो, दुपारचं ऊन फिकं पडतं. फर्मवेअर लिहिणाऱ्याने 'ऑटो'त एक उत्तर भरून ठेवलंय. तो बिचारा जोतिबावर कधी आलेला नसणार. डिफॉल्ट म्हणजे दुसऱ्याने आपल्यासाठी आधीच घेतलेला निर्णय, हे आपल्या धंद्यातल्या लोकांना वेगळं सांगायला नको.

तेव्हा यात्रेला जाल तेव्हा रॉ मोड चालू ठेवा, मल्टी-फ्रेम एचडीआर शिखरासाठी राखून ठेवा, आणि चेहऱ्यावर स्पॉट मीटरिंग करून बघा. चेहरा की गुलाल, हे तुम्ही ठरवा. चांगभलं!